तंबाखूच्या मोलाने विकलेली वर्षे

२२ सप्टेंबर १७५६ या तारखेचे एक पत्र आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड या इंग्रज वसाहतीतून एलिझाबेथ स्प्रिग्ज नावाच्या मुलीने ते लंडनला, व्हाइट क्रॉस स्ट्रीटवर राहणाऱ्या आपल्या वडिलांना लिहिले. वडिलांचे मन दुखवून ती घराबाहेर पडली होती आणि बराच काळ तिने काही कळवलेही नव्हते. म्हणून सुरुवातीला क्षमायाचना आहे. पण पुढे तिचा बांध फुटतो. रात्रंदिवस राबावे लागते, तेही पुष्कळदा घोड्याला जुंपून करायचे काम. वर शिव्या, की अर्धेसुद्धा काम केले नाहीस. बांधून घालून असे फटके मारतात, की जनावरालाही कोणी मारणार नाही. खायला मका आणि मीठ, आणि तेवढेही देताना कुरकुर. अंगावर धड कपडा नाही, पायात जोडे नाहीत, मोजे नाहीत. झोपायचे ते एका कांबळ्यात गुंडाळून घेऊन, जमिनीवर. शेवटी ती वडिलांकडे पैसे मागत नाही, सोडवायला या असेही म्हणत नाही. मागते फक्त थोडे कपडे. बाल्टिमोरकडे येणाऱ्या कुठल्याही जहाजावर ते चढवा, एवढेच.

हे पत्र आज लंडनच्या आरमारी न्यायालयाच्या जुन्या कागदपत्रांत आहे. त्या साली इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध सुरू झाले होते आणि समुद्रावर जहाजांबरोबर टपालही पकडले जाई. म्हणजे एलिझाबेथचे पत्र वाटेतच अडकले. अडकले म्हणूनच आपल्यापर्यंत आले, असेही म्हणता येईल. घरी पोहोचलेली पत्रे चुलीत किंवा रद्दीत जातात.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते वॉशिंग्टन, जेफरसन, चहाच्या पेट्या समुद्रात फेकणारे बोस्टनवासी. गुलामगिरीचा इतिहासही आता आपल्या पाठ्यपुस्तकांत आला आहे. पण या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग होता, त्याचे नाव फारसे कानावर येत नाही. १६३० नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत न्यू इंग्लंडच्या दक्षिणेकडील वसाहतींत जे गोरे लोक युरोपातून आले, त्यांतले निम्म्याहून अधिक स्वतःच्या पैशाने आले नव्हते. जहाजाचे भाडे दुसऱ्याने भरायचे आणि त्याबदल्यात चार-पाच वर्षे, कधी सात वर्षे, त्याच्याकडे बिनपगारी राबायचे, अशा करारावर ते आले होते. याला इंग्रजीत इंडेंचर म्हणतात. या शब्दात दात दडलेले आहेत. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा, मधून दातेरी रेघेने कापायचा, एक तुकडा मालकाकडे आणि एक नोकराकडे. भांडण लागले तर दाते जुळवून बघायचे. कल्पना म्हणून किती न्याय्य! दोघांच्या हातात सारखाच कागद.

आपल्या भागात मराठीत ‘करार’ आणि कन्नडमध्ये ‘करारु’ म्हणतात, शब्द एकच. पण कन्नडमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘जीत’. कर्जापायी दुसऱ्याच्या दारात राबणारा तो ‘जीतदाळु’. करार कुठे संपतो आणि जीत कुठे सुरू होते, हा प्रश्न अमेरिकेतल्या त्या नोकरांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पडतो. नोकर जर बाई असेल, तर जास्तच.

इंग्लंडमध्ये गरीब घरातल्या मुलीने लग्नाआधी दुसऱ्याच्या घरी चाकरी करणे यात काही विशेष नव्हते. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, तशी तिथेही वर्षावर्षाची बोली होई. वर्ष संपले की मुलगी दुसरे घर बघायला मोकळी. मालकाला ती विकता येत नसे. अटलांटिक ओलांडला की हे बदलत होते. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये मोलकरणीची उरलेली वर्षे ही मालकाची मालमत्ता होती. ती विकता येत, बदल्यात देता येत, वारसाने मिळत. मालक वारला की त्याच्या जिंदगीची यादी होई. त्या यादीत गाई, भांडी, अंथरुणे यांच्या ओळीत मोलकरणीचे नाव, तिची किती वर्षे शिल्लक आणि त्यांची किंमत किती, हेही लिहिले जाई.

मुलींना तिकडे नेण्यात कोणाचा काय फायदा? व्हर्जिनियात १६१८ पासून एक नियम होता. जो कोणी माणूस आणील, त्याला दर डोईमागे ५० एकर जमीन. भाडे साधारण सहा पौंड. म्हणजे सहा पौंडांत ५० एकरांचा हक्क आणि वर चार-पाच वर्षांची चाकरी. मग बंदरांवर दलाल सुटले नसते तरच नवल. कोणी गोड बोलून नेई, कोणी दारू पाजून. लंडनमध्ये अशा माणसांना लोक ‘स्पिरिट’ म्हणजे भूतच म्हणत, कारण त्यांच्या हाती लागलेला माणूस नाहीसा होई. ही पळवापळवी थांबावी म्हणून ब्रिस्टल शहराने १६५४ पासून जाणाऱ्या नोकरांची नोंदवही ठेवली. १६८६ पर्यंत तीत दहा हजारांहून अधिक नावे चढली. त्यांत साधारण पाव हिस्सा बायकांचा. बहुतेकींचे वय अठरा ते पंचवीस. सगळ्याच फसवून नेलेल्या नव्हत्या, हेही नमूद करायला हवे. कोणाचे आईबाप वारलेले, कोणाला हुंड्याअभावी स्थळ मिळत नसलेले. तिकडे बायकांची टंचाई आहे, करार संपला की लग्न नक्की, हे आमिष खोटे नव्हते. फक्त करार संपेपर्यंत जगायला हवे होते.

प्रवासाचे वर्णन गॉटलीब मिटेलबर्गर या जर्मन गृहस्थाने केले आहे. १७५० साली तो एक ऑर्गन घेऊन फिलाडेल्फियाला गेला आणि चार वर्षांनी परतला. १७५६ मध्ये त्याने पुस्तक छापले, ते मुख्यतः आपल्या देशबांधवांनी दलालांच्या थापांना बळी पडू नये म्हणून. त्याच्या जहाजावर ३२ मुले दगावली. एका वादळात एका बाईचे दिवस भरले, पण मूल काही सुटेना. तिला जहाजाच्या झरोक्यातून समुद्रात ढकलून देण्यात आले, असे तो लिहितो. दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली आहे, ती मला या प्रसंगाहूनही अधिक थंड वाटते. निम्मा प्रवास झाल्यानंतर नवरा मेला, तर बायकोने स्वतःचे भाडे फेडायचेच, वर मेलेल्या नवऱ्याचेही. मुलांचेही तसेच. प्रेत समुद्रात गेले तरी त्याचे कर्ज किनाऱ्याला लागत होते. जहाज फिलाडेल्फियाला लागले की गिऱ्हाइके जहाजावर येत, माणसे निवडत, भाव ठरवत. एकाच कुटुंबातले नवरा, बायको आणि मुले तीन वेगवेगळ्या मालकांकडे जात.

आता काम. निपाणी-चिकोडी भागातल्या वाचकांना तंबाखूचे पीक काय असते ते सांगायला नको. मोहरीपेक्षा बारीक बी, त्याचा वाफा, मग रोपे उपटून लावणे, खुरपणी, शेंडा खुडणे, फुटवे काढत राहणे, पानावरची अळी हाताने वेचणे, कापणी, टांगणे, वाळवणे. वर्षाचे बारा महिने हे पीक माणसाच्या मानेवर बसलेले असते. व्हर्जिनिया आणि मेरीलँड या दोन्ही वसाहती याच पिकावर उभ्या राहिल्या. नाणे दुर्मीळ होते, तंबाखू हेच चलन. दंड तंबाखूत, कर तंबाखूत, पाद्रीबुवांचा पगारही तंबाखूत.

इंग्रज बाईला शेतात घालत नाहीत, ती घरकामच करते, अशी जाहिरात इंग्लंडमध्ये होई. जॉन हॅमंड नावाच्या माणसाने १६५६ मध्ये या वसाहतींची तरफदारी करणारी पुस्तिका लिहिली, तिच्यातही हेच म्हटले आहे. पण लगेच पुढे त्याने पुस्ती जोडली, की ज्या बाया घाणेरड्या आणि घरकामाच्या लायकीच्या नसतात त्यांना शेतात घालतात. कोण लायक हे कोण ठरवणार? अर्थात मालक. १६६२ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला, की शेतात राबणाऱ्या मोलकरणींवर पुरुषांप्रमाणेच डोईपट्टी बसेल. बायका शेतात नव्हत्या तर हा कायदा कशाला लागला?

शेतातून आल्यावर बाईचा दिवस संपत नसे. मक्याचे पीठ करायला गिरण्या नव्हत्या. दिवसभर राबलेल्या नोकरांना रात्री घरच्यांसाठी आणि स्वतःसाठी मका कांडत आणि दळत बसावे लागते, हे १६७९-८० च्या सुमारास तिथून फिरून गेलेल्या जॅस्पर डँकर्ट्‌स या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्यात धुणे, पाणी, दूध काढणे, मालकिणीची मुले. आणि हिवताप. नवी माणसे आली की पहिल्या उन्हाळ्यात त्यांना तिथले पाणी लागे. त्यातून उठली तर ती ‘मुरली’ म्हणत. कित्येक उठत नसत. करारातली चार वर्षे पुरी व्हायच्या आधीच त्यांचा हिशेब मिटे.

इथपर्यंतचे हाल पुरुष नोकरांनाही चुकले नव्हते. बाईच्या वाट्याला याहून वेगळे काय आले, ते पाहायचे तर कायद्याची पुस्तके उघडावी लागतात. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. चाबूक एखाद्या क्रूर मालकाचा असतो, कायदा सगळ्यांचा असतो.

मोलकरणीला करार चालू असताना लग्न करायची परवानगी नव्हती. व्हर्जिनियाच्या १६४३ च्या कायद्याप्रमाणे दोन नोकरांनी मालकाला न विचारता लग्न केले, तर पुरुषाला एक वर्ष जादा चाकरी आणि बाईला कराराच्या दुप्पट. गुन्हा एकच, दोघांनी मिळून केलेला!

लग्न नाही, आणि वसाहतीत बाईमागे तीन-चार पुरुष, १६३० च्या सुमारास तर सहा. राहायला एकाच छपराखाली, झोपायला दाराला कडी नाही. व्हायचे ते होई. मेरीलँडच्या चार्ल्स काउंटीतल्या १६५८ ते १७०५ या काळातल्या कोर्टाच्या नोंदी इतिहासकारांनी तपासल्या, तेव्हा तिथे आलेल्या दर पाच मोलकरणींत साधारण एकीवर लग्नाविना मूल झाल्याचा खटला झाला होता, असे दिसले. त्यांतल्या किती जणींची संमती होती हा प्रश्न त्या कोर्टाने विचारलाच नाही. कोर्टाचा प्रश्न वेगळा होता: मालकाचे नुकसान किती?

१६६२ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियाने या नुकसानीचा दर ठरवला. मोलकरणीला मूल झाले, तर तिने करार संपल्यावर मालकाकडे आणखी दोन वर्षे राबायचे, नाही तर त्याला २,००० पौंड तंबाखू द्यायचा. म्हणजे नऊशे किलोंच्या वर. त्या काळी एक धट्टाकट्टा माणूस वर्षभर राबून हजार ते पंधराशे पौंड तंबाखू पिकवत असे. ज्या बाईला पगारच नाही तिने हा तंबाखू आणायचा कुठून? तेव्हा दोन वर्षे. शिवाय व्यभिचाराचा दंड ५०० पौंड तंबाखू वेगळा. तो मालकाने भरला तर त्यापोटी आणखी सहा महिने. मालकाने भरला नाही तर फटके.

आणि मूल मालकाचेच असेल तर? हा प्रश्न विधिमंडळासमोर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. मालक स्वतःच मोलकरणीला गरोदर करतात आणि वर तिच्याकडून जादा दोन वर्षेही वसूल करतात, ही तक्रार होती. सभासदांनी ती खरी मानली, कायद्याच्या मजकुरात तसे लिहिलेही आहे. पण मग बाईला सोडून द्यावे तर बाकीच्या मोलकरणी आपापल्या पोरांचा आळ मालकांवर घेतील, ही दुसरी भीती. यावर शोधलेला तोडगा असा: करार संपल्यावर चर्चच्या कारभाऱ्यांनी तिला दोन वर्षांसाठी दुसरीकडे विकायचे आणि आलेला तंबाखू चर्चच्या कामी लावायचा. मालकाला फायदा नको, हे बरोबर. पण शिक्षा? ती बाईलाच. बलात्कार झालेल्या मुलीची दोन वर्षे विकून देवाच्या घराचा खर्च भागवायचा, हे त्या सभागृहातल्या एकालाही विचित्र वाटले नसावे, कारण कायदा मंजूर झाला.

ॲन ऑर्थवुडची कहाणी याच काळातली. ती १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्दॅम्प्टन काउंटीत आली. विल्यम केंडॉल हा तिचा पहिला मालक, गावातला बडा माणूस. त्याच्या पुतण्याचे, जॉनचे, तिच्याशी सूत जमले. चुलत्याने तिला विकून टाकले. तरी व्हायचे ते झालेच. नव्या मालकाने तिला पुढे तिसऱ्याला विकले, तेव्हा ती गरोदर होती. तिसऱ्याच्या हे लक्षात आले आणि त्याने विकणाऱ्यावर दावा लावला, की मला सदोष माल दिला! जुलै १६६४ मध्ये ॲनला जुळे झाले. त्या काळची रीत अशी, की वेणा सुरू असताना सुईणीने बापाचे नाव विचारायचे. मरणाच्या दारात बाई खोटे बोलणार नाही, ही त्यामागची समजूत. नाव सांगेपर्यंत सुईण मदतीचा हात आखडता घेई. ॲनने जॉन केंडॉलचे नाव घेतले. थोड्याच दिवसांत ती गेली, एक मूलही गेले. उरलेला जॅस्पर कळत्या वयाच्या आधीपासून दुसऱ्याच्या घरी करारावर बांधला गेला आणि १६८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, कोर्टात भांडून सुटला. अमेरिकन इतिहासकार जॉन रस्टन पेगन यांनी या एका बाईच्या खटल्यांवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. ॲनचा स्वतःचा आवाज मात्र त्या सगळ्या कागदांत एवढाच, वेणांच्या वेळी घेतलेले एक नाव.

कोर्टात दाद मागता येत नव्हती असे नाही. नोकराला मालकाविरुद्ध तक्रार करायचा हक्क होता आणि काही बायकांनी तो जिद्दीने वापरला. मेरीलँडच्या केंट काउंटीत सारा टेलर नावाची मोलकरीण कॅप्टन ब्रॅडनॉक्स आणि त्याची बायको यांच्या मारहाणीविरुद्ध पुन्हा पुन्हा कोर्टात गेली. अडचण एवढीच, की कॅप्टनसाहेब त्याच कोर्टाचे एक न्यायाधीश होते. एकदा पळून गेल्याबद्दल साराला गुडघे टेकून मालक-मालकिणीची माफी मागायला लावली. शेवटी १६६१ मध्ये कोर्टाने तिची सुटका केली. तोवर कॅप्टन वारला होता. त्याची विधवा वरच्या कोर्टात गेली आणि तिथे खालच्या न्यायाधीशांनाच तिची भरपाई करून द्यावी लागली. अशा अनुभवानंतर पुढच्या सारा टेलरला सोडायला किती न्यायाधीश धजावतील?

पळून जावे म्हटले, तर मेरीलँडमध्ये गैरहजेरीच्या एका दिवसाला दहा दिवस जादा. महिनाभर पळालेली बाई सापडली की दहा महिने वाढले. सगळ्या शिक्षांचे चलन शेवटी एकच होते, काळ. या बायांजवळ पैसा नव्हता, जमीन नव्हती, माहेर तीन हजार मैलांवर. करारानंतरची वर्षे एवढीच काय ती त्यांची स्वतःची ठेव. कायदा दर वेळी त्या ठेवीतून कापून घेत होता.

ज्या निभावल्या त्यांचे पुढे बरे झाले, हेही खरे. सुटकेच्या वेळी काही द्यायची पद्धत होती. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यात बाईला १५ बुशेल मका आणि ४० शिलिंग ठरले. पुरुषाला मका दहा बुशेल, ३० शिलिंग आणि एक चांगली बंदूक. त्याच कायद्याने गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडे करून फटके मारायला बंदी केली, म्हणजे तोपर्यंत काय चालत असेल ते समजावे. सुटलेल्या बाईचे लग्न बहुधा लगेच होई, कधी कधी नवराच मालकाला पैसे देऊन तिची उरलेली वर्षे विकत घेई. मॅसॅच्युसेट्समध्ये पीटर फोल्जरने मेरी मॉरिल या मोलकरणीला २० पौंड मोजून सोडवले आणि तिच्याशी लग्न केले. आपण आयुष्यात केलेला हा सर्वांत चांगला खर्च, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. या मेरीची लेक अबाया, आणि अबायाचा मुलगा बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवरच्या माणसाची आजी करारबद्ध मोलकरीण होती!

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण अलीकडे इंटरनेटवर या गोऱ्या नोकरांना ‘गोरे गुलाम’ म्हणायची टूम निघाली आहे. आफ्रिकन गुलामांबद्दल मग एवढे बोलायचे कशाला, असा तिचा रोख असतो. एलिझाबेथनेही पत्रात लिहिले, की इथल्या कित्येक काळ्या लोकांना आमच्यापेक्षा बरे वागवतात. तिच्या दुःखाच्या भरात ते समजू शकते. पण ज्या डिसेंबर १६६२ च्या अधिवेशनात मोलकरणीची दोन वर्षे चर्चला विकायचा कायदा झाला, त्याच अधिवेशनात दुसराही एक झाला: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या परंपरेत मूल बापाच्या नावाने ओळखले जाई, इथे ती परंपरा उलटी केली. गुलाम बाईला मालकापासून झालेले मूल त्यामुळे मालकाचाच गुलाम ठरले. गोऱ्या मोलकरणीची वर्षे वाढत होती, पण मोजता येत होती. काळ्या बाईला मोजायलाच काही ठेवले नाही. दोन्ही कायदे करणारी माणसे तीच, आणि दोन्हीकडे हिशेब बाईच्या उदराचा.

या दोन्ही वाटा जिथे एकमेकींत मिसळल्या, तिथली एक कहाणी सांगून थांबतो. त्याआधी आपल्याशी असलेला एक दुवा. अमेरिकेत ही पद्धत स्वातंत्र्यानंतर हळूहळू संपली, पण कराराचा साचा इंग्रजांनी जपून ठेवला. गुलामगिरी बंद केल्यावर १८३४ पासून त्यांनी तोच साचा हिंदुस्थानी मजुरांसाठी मॉरिशसमध्ये वापरला. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले. आपल्याकडे गिरमिट म्हटले की हुबळी-धारवाडचे चुरमुरे आठवतात, पण उत्तरेकडच्या खेड्यांत हा शब्द अजूनही वेगळी आठवण काढतो. मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही गेली. मॉरिशसमधली आजची मराठी घरे त्यांचीच.

आता ती कहाणी. एलेनॉर बटलर, सगळे तिला ‘आयरिश नेल’ म्हणत. मेरीलँडचे धनी लॉर्ड बाल्टिमोर यांच्याकडे ती करारावर होती. १६८१ मध्ये तिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न ठरवले. चार्ल्स हा विल्यम बोरमन या मळेवाल्याचा गुलाम. १६६४ पासून मेरीलँडचा कायदा होता, की गोऱ्या बाईने गुलामाशी लग्न केले तर नवरा जिवंत असेपर्यंत तिने त्याच्या मालकाची चाकरी करायची आणि मुले गुलाम. लग्नाच्या दिवशी लॉर्डसाहेबांनी तिला बजावले, की तू स्वतःला आणि आपल्या सगळ्या वंशाला गुलामीत लोटते आहेस. गुलामाबरोबर नांदायला तुला आवडेल का, असेही त्यांनी विचारले. त्यावर नेलने उत्तर दिले, की तुमच्यापेक्षा मला चार्ल्स पसंत आहे. हे बोलणे परिसरात इतके गाजले, की तीन पिढ्यांनंतरही म्हाताऱ्या लोकांनी कोर्टात शपथेवर ते जसेच्या तसे सांगितले.

कायदा त्याच वर्षी बदलला. झाले होते असे, की मालकच आपल्या मोलकरणींची गुलामांशी लग्ने लावून देत होते, म्हणजे फुकटात गुलामांची पैदास. नव्या कायद्याने अशा मालकाला १०,००० पौंड तंबाखू दंड ठेवला आणि बाई व तिची मुले मोकळी केली. पण आधी झालेल्या लग्नांना तो लागू नव्हता. नेलची मुले गुलाम झाली, नातवंडे झाली, पतवंडे झाली. १७७० मध्ये विल्यम आणि मेरी बटलर या तिच्या वंशातल्या जोडप्याने कोर्टात दावा जिंकला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टात हरले. मग त्यांची मुलगी, तिचेही नाव मेरी, उभी राहिली. नेलला त्या कायद्याखाली कोर्टाने कधी दोषी ठरवल्याची नोंदच नाही, तेव्हा तिचा वंश गुलाम ठरतोच कसा, असा तिच्या वकिलांचा मुद्दा होता. १७८७ मध्ये ती जिंकली. नेलच्या लग्नाला तेव्हा १०६ वर्षे झाली होती.